जुन्या संगणकाची स्मृती



कामगार संघटनेच्या माणसाला व्याख्यानमालेत बोलावले म्हणजे तो बोनस, महागाई भत्ता नाहीतर संप यांवर बोलणार, असे श्रोते गृहीत धरून येतात. आज आम्ही घेतलेला विषय वरवर पाहता एखाद्या दुरुस्तीवाल्याचा आहे. तीस वर्षांपूर्वीच्या संगणकातील फिरती हार्ड डिस्क काढून तिच्या जागी न फिरणारे फ्लॅश कार्ड कसे बसवावे, हा तो विषय. वीजशास्त्र आम्हांला कोणी शिकविलेले नाही. जे कळले ते पुस्तके चाळून, माहितगारांना विचारून आणि हाताने करून कळले. तेव्हा ते सांगतानाही आमची भाषा कारखान्याच्या फाटकावरचीच राहील.

हा उपद्व्याप करावयाचा कशासाठी, ते आधी सांगितले पाहिजे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात होते. आपला सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. म्हणजे जिल्ह्याला वर्षही झाले नव्हते तोच लालबाग-परळच्या खोल्यांतून बिऱ्हाडे आवरून चाकरमानी गावाला परतू लागले. मालवण, वेंगुर्ले, देवगड, कणकवली या भागात असे घर क्वचितच सापडेल, की ज्यातला एखादा माणूस साच्यावर वा मागावर उभा राहिला नव्हता. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनींवर कामगारांसाठी घरे बांधण्याची योजना आली. त्या घरास पात्र कोण? १ जानेवारी १९८२ रोजी, म्हणजे संपापूर्वी सतरा दिवस, जो गिरणीच्या पटावर होता तो, आणि तो हयात नसेल तर त्याचा वारस. २०१२ साली म्हाडाने पहिली मोठी सोडत काढली. अर्ज सुमारे दीड लाख आले. आणि प्रत्येक अर्जदारापुढे एकच प्रश्न उभा राहिला : पुरावा काय?

तिकीट क्रमांक, प्रॉव्हिडंट फंडाचा क्रमांक, ई. एस. आय.चे कार्ड, हजेरीचे कार्ड, अशा चिटोऱ्यांवर सगळा हिशेब येऊन ठेपला. ही चिटोरी कोठे असणार? मातीच्या भिंतीतल्या कोनाड्यात, पत्र्याच्या ट्रंकेत. आपल्याकडचा पाऊस आणि वाळवी यांनी त्यांतील किती शिल्लक ठेवली असतील, हे येथे बसलेल्यांना सांगावयास नको.

आमच्या कार्यालयात १९९६ साली मुंबईहून एक जुना ४८६ जातीचा संगणक आला होता. त्यावर आम्ही गावोगाव फिरून आणलेली यादी चढविली होती : नाव, गाव, गिरणी, खाते, तिकीट क्रमांक, फंडाचा क्रमांक, आणि शेवटी शेरा. त्या वेळी हेतू थकलेल्या देण्यांचा होता. घरांचे नाव कोणी काढले नव्हते. ही यादी स्वतः पुरावा होत नाही, हे स्पष्ट सांगतो. परंतु फंडाचा क्रमांक हाती असेल तर सरकारी दप्तरात माणूस शोधता येतो, आणि नसेल तर शोधता येत नाही. त्याच संगणकात काजूच्या कारखान्यांतील बायांच्या नोकरीच्या तारखाही आहेत. १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत मासिक पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. तेव्हा नऊ वर्षे की दहा, हा वाद ज्या बाईचा असेल तिला त्या तारखांची किंमत कळते.

यावर कोणी म्हणेल, यादी नव्या संगणकावर उतरवून घ्या आणि जुने धूड भंगारात द्या. यादी उतरवून घ्यावयाचीच आहे. पण एक अडचण आहे. आज आपल्या मोबाइलवर जे मराठी दिसते ते युनिकोड नावाच्या जागतिक संकेतानुसार. १९९६ साली ते आपल्यापर्यंत पोहोचले नव्हते. त्या काळी पुण्याच्या सी-डॅक संस्थेचे ‘जिस्ट’ नावाचे कार्ड संगणकात खोचावे लागे. आय. आय. टी. कानपूरमध्ये सुरू झालेल्या कामातून ते निघाले होते, आणि ते असेल तरच डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटे. अक्षरांचे क्रमांक ‘इस्की’ नावाच्या भारतीय संकेतानुसार असत. भारतीय मानक म्हणून तो १९९१ साली मान्य झाला. आज ती फाइल नव्या संगणकावर उघडली तर ‘परब’ आणि ‘मेस्त्री’ यांच्या जागी निव्वळ किरटी चिन्हे दिसतात. इस्कीचे युनिकोड करता येते. परंतु करून झाल्यावर ते बरोबर झाले की नाही, जोडाक्षर कोठे तुटले, हे ताडून पाहण्यास मूळ यादी मूळ यंत्रावर डोळ्यांनी दिसली पाहिजे. म्हणून यंत्रही चालते ठेवावे लागते.

त्या यंत्रात सर्वांत आधी मरणारी वस्तू म्हणजे हार्ड डिस्क. डबीएवढ्या पेटीत चकचकीत तबकड्या असतात, त्यांवर लोहचुंबकी लेप असतो, आणि त्या मिनिटाला साडेतीन-चार हजार ते साडेपाच हजार फेरे घेतात. वर एक लहानसा वाचक-शीर्ष तबकडीला न टेकता, तिच्याबरोबर फिरणाऱ्या हवेच्या पातळ थरावर तरंगतो. त्या थराची जाडी माणसाच्या केसाच्या पाव-शतांशाहूनही कमी. ही कल्पना जुनी आहे. आय. बी. एम.ने १९५६ साली काढलेल्या रॅमॅक यंत्रात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून पन्नास लक्ष अक्षरे मावत. आमच्या ४८६ मधील तळहाताएवढ्या डिस्कवर ४२० मेगाबाइट, म्हणजे बेचाळीस कोटी अक्षरे मावतात. प्रगती थोर आहे. पण फिरणारे ते झिजणार, हा नियम साच्याच्या चातीला जसा लागू तसा हिलाही लागू.

त्यात आपली हवा. ही पेटी हवाबंद असते असा पुष्कळांचा समज आहे, तो चुकीचा आहे. आतला व बाहेरचा दाब सारखा राहावा म्हणून तिला बारीक छिद्र ठेवलेले असते व आतून गाळणी असते. गाळणी धूळ अडविते. ओल अडवीत नाही. वर्षानुवर्षे बंद पडून राहिलेल्या डिस्कमध्ये शीर्ष तबकडीला चिकटून बसतो आणि मोटारीला तो सुटत नाही. बाहेरच्या मंडलावर खारा वारा तांब्याला हिरवा करतो तो वेगळाच. शिवाय वीज. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याने गेले तेव्हा येथील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. आणि एरवीही पावसाळ्यात वीज जाते व येते तेव्हा एका झटक्याने येते. जुन्या यंत्राला हे झटके मानवत नाहीत.

एक इशारा येथेच देऊन ठेवतो, कारण याने पुष्कळांचे पैसे वाचतील. जुना संगणक सुरू केला आणि पडद्यावर ‘डिस्क सापडत नाही’ अशा अर्थाचे अक्षर आले, की लोक डिस्क मेली असे ठरवून मोकळे होतात. पुष्कळदा मेलेली असते ती आतली बॅटरी. आपल्याला किती तबकड्यांची, किती मंडलांची डिस्क जोडली आहे, हे जुना संगणक स्वतःच्या एका लहान टिपणवहीत लिहून ठेवतो आणि ती वही बॅटरीवर जिवंत असते. बॅटरी संपली की वही कोरी. नाण्यासारखी बॅटरी असेल तर ती बदलावी व डिस्कवरच्या कागदी चिठ्ठीतील आकडे पुन्हा भरावेत, काम भागते. मात्र त्याहून जुन्या यंत्रांत बोर्डावर डाक दिलेली नळकांड्यासारखी बॅटरी असते. ती पाझरते आणि तिचा क्षार बोर्डावरील तांब्याच्या रेघा खाऊन टाकतो. असे यंत्र हाती आले तर ते सुरू करण्याआधी ती कापून काढावी आणि मगच पुढचे बोलावे.

डिस्क खरोखरच आजारी असेल, कुरकुरत असेल, तर तिला वारंवार चालू-बंद करू नये. पेटी उघडू तर कधीच नये. आत शिरलेला धुळीचा एक कण त्या तरंगत्या शीर्षाला वाटेतल्या दरडीसारखा असतो. तिच्या आयुष्याचे जे काही तास उरले असतील ते सर्व नकल काढण्यासाठी राखून ठेवावेत. आजकाल जुनी डिस्क यूएसबीने नव्या संगणकाला जोडण्याचे जोड मिळतात. पण नव्वदीच्या आरंभीच्या काही लहान डिस्कांशी या जोडांचे जमत नाही, कारण त्या डिस्कांना मंडल-शीर्ष-खंड हा जुनाच पत्ता समजतो. अशा वेळी मधल्या पिढीचा, स्वतःची आयडीई खाच असलेला एखादा पेंटियम शोधावा. त्यावर लिनक्समधील ‘डीडीरेस्क्यू’ नावाची आज्ञावली चालवावी. तिचा शहाणपणा आम्हांला फार आवडला. ती वाटेत खराब जागा आली म्हणजे तेथे डोके आपटीत बसत नाही. आधी जे सहज मिळते ते सगळे पदरात पाडून घेते व मग राहिलेल्यासाठी पुन्हा मागे येते. वाटाघाटीस बसणाऱ्या आमच्या तरुण कार्यकर्त्यांनी ती जरूर पाहावी.

अशी संपूर्ण नकल दोन ठिकाणी सुरक्षित ठेवल्यावरच नव्या स्मृतीच्या कामाला हात घालावा.

आता हे फ्लॅश म्हणजे काय? जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका या अभियंत्याने १९८० नंतरच्या दशकात ही स्मृती काढली. सगळे एकदम पुसले जाते ते कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखे, म्हणून एका सहकाऱ्याने हे नाव सुचविले. तिच्यात फिरणारे काही नाही. सिलिकॉनच्या तुकड्यावर कोट्यवधी सूक्ष्म कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा चारी बाजूंनी विजेला अडविणाऱ्या थराने बंद केलेला असतो. जोराचा दाब देऊन त्यात विजेचे कण ढकलले की ते आतच अडकून राहतात, वीज गेली तरी. लोणच्याच्या बरणीला दट्ट्या घट्ट बसवावा तसे. कण आहेत की नाहीत, यावरून एक की शून्य हे ठरते.

या व्यवस्थेत दोन खोडी आहेत. एक म्हणजे कप्पे एकेक पुसता येत नाहीत. शाळेच्या पाटीवरचे एक अक्षर बदलावयाचे तर पाटीचा मोठा भाग धुऊन पुन्हा लिहावा लागतो. दुसरी म्हणजे प्रत्येक धुण्याने तो रोधक थर थोडा झिजतो. चांगल्या, एका कप्प्यात एकच खूण ठेवणाऱ्या जातीचे कप्पे सुमारे लाखभर धुणी सोसतात. स्वस्त जातीचे काही हजारच. म्हणून कार्डाच्या आत एक नियंत्रक बसविलेला असतो आणि तो कामाची पाळी सर्व कप्प्यांत सारखी वाटून देतो, एकाच कप्प्यावर सगळा बोजा पडू देत नाही. असा जॉबर गिरणीत आम्हांला कधी भेटला नाही! आमच्या कामापुरते बोलायचे तर डॉसचा संगणक दिवसाकाठी लिहितो ते इतके थोडे, की झिजेची काळजी करण्याचे कारण नाही. विंडोज ९५ वा ९८ असेल तर ते स्मरण अपुरे पडले की डिस्कवर सारखे गिरवीत बसते. तेथे यंत्राचे रॅम वाढवावे.

जुन्या संगणकाला यातील सर्वांत सोयीचे ते कॉम्पॅक्टफ्लॅश, म्हणजे सीएफ कार्ड. सॅनडिस्क कंपनीने ते १९९४ साली आणले, मुख्यतः कॅमेऱ्यांसाठी. परंतु करणाऱ्यांनी त्यात एक दूरदृष्टी ठेवली. सुरू होताना त्याच्या पन्नासांपैकी एक विशिष्ट टाचणी जमिनीला जोडली, की ते कार्ड आयडीई हार्ड डिस्कची भाषा बोलू लागते. त्यामुळे मधला जो जोड लागतो त्यात बुद्धी अशी काही नसतेच. पन्नास टाचण्यांचे चाळीस टाचण्यांशी लग्न लावून देणे एवढेच त्याचे काम, आणि म्हणून तो फार महागही नसतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर विचारावे.

कार्ड घेताना मोठे घेण्याचा मोह आवरावा. जुन्या संगणकाची मूळ आज्ञावली, जिला बायॉस म्हणतात, ती १०२४ मंडले, १६ शीर्षे आणि ६३ खंड यांपलीकडे मोजू शकत नाही. प्रत्येक खंडात ५१२ अक्षरे. गुणाकार करून पाहा : ५२,८४,८२,३०४. सुमारे त्रेपन्न कोटी अक्षरांपुढचे जग या यंत्राला नाहीच. ५१२ मेगाबाइटचे कार्ड या कुंपणाच्या आत बसते. आठ वा सोळा गिगाबाइटचे कार्ड आणले तर उरलेली जागा फुकट जाते, एवढेच झाले तर बरे. कधी यंत्र सुरूच होत नाही.

जोडणी अशी करावी. वीज बंद करून तार भिंतीतून काढावी, यंत्राच्या लोखंडी अंगाला हात लावून आपल्या अंगातील वीज उतरवावी. विजेचा पुरवठा करणारी डबी मात्र उघडू नये, तार काढली तरी तिच्यात जीवघेणा दाब राहतो. पट्टीच्या तारेत एका कडेला लाल रेघ असते, ती पहिल्या क्रमांकाच्या टाचणीकडे यावी. जोडावरच्या लहान टोपीने कार्ड ‘मास्टर’ म्हणून ठरवावे. जुनी डिस्क या वेळी जोडूच नये. फ्लॉपीवरून डॉस सुरू करून एफडिस्कने कार्डावर विभाग पाडावा आणि तो सक्रिय करावा. हे सक्रिय करणे विसरल्यामुळे बसलेली कार्डे आम्ही पाहिली आहेत. मग ‘एफडिस्क /एमबीआर’ ही आज्ञा द्यावी, कारण कॅमेऱ्यासाठी निघालेल्या कार्डात यंत्र सुरू करणारा आरंभीचा मजकूर नसतो. त्यानंतर ‘फॉरमॅट सी: /एस’. आता यंत्र कार्डावरून सुरू होईल, आणि डिस्कची घरघर गेल्यामुळे खोली एकदम शांत वाटेल.

मग जुनी डिस्क ‘स्लेव्ह’ म्हणून त्याच पट्टीवर जोडून एक्सकॉपीने सर्व फाइली आणाव्यात. काही कार्डांचे जुन्या डिस्कशी एका पट्टीवर पटत नाही. तसे झाले तर काढून ठेवलेल्या नकलेतून, मधल्या पेंटियमवर, हे काम करावे. तबकडीची खंड-न्-खंड नकल सरळ कार्डावर ओतू नये. दोहोंची मंडले-शीर्षे निराळी पडतात आणि यंत्र गोंधळते. येथे दोन गोष्टींना जपावे. डॉसची एक्सकॉपी लपविलेल्या फाइली उचलत नाही, तेव्हा अॅट्रिबने त्या आधी उघड्या कराव्यात. आणि फॉक्सप्रोमधली यादी एका फाइलीत नसते. नावे व क्रमांक डीबीएफमध्ये, पण ‘शेरा’ या रकान्यातला लांब मजकूर एफपीटी नावाच्या जोडफाइलीत. ती मागे राहिली तर ‘विधवा, मुलगा अज्ञान’ किंवा ‘फंडाचा क्रमांक भावाकडे’ असले शेरे सगळे गळून पडतात, आणि आमच्या अनुभवाने कामाची गोष्ट शेऱ्यातच असते. शेवटी ‘एफसी /बी’ ही आज्ञा देऊन जुनी व नवी फाइल अक्षरन् अक्षर ताडून घ्यावी.

कार्ड बसविल्यानंतर कातण खात्यात वीस वर्षे काढलेले एक गृहस्थ कार्यालयात आले. पडद्याकडे पाहून त्यांनी विचारले, “माजा नाव हेच्यात आसा काय रे?” गावावरून शोधले. नाव होते, तिकीट क्रमांक होता, फंडाचा क्रमांकही होता. त्यांनी तो तळहातावर लिहून घेतला, कागद दिला तरी.

येथे एक गोष्ट बोलावीशी वाटते. १९६० नंतरच्या दशकात कलकत्त्याला आयुर्विम्याच्या कर्मचाऱ्यांनी संगणक कार्यालयात येऊ नये म्हणून पहारे दिले. बँकांत यंत्र यावे की नाही यावर वर्षानुवर्षे झगडा झाला आणि १९८३ साली इंडियन बँक्स असोसिएशन व कर्मचारी संघटना यांच्यात त्याबद्दल करार झाला. त्या विरोधाला आज हसणारे पुष्कळ आहेत. आम्ही हसत नाही. यंत्राने किती माणसे घरी बसतील हा प्रश्न रास्तच होता आणि अजूनही आहे. परंतु हिशेबाचे यंत्र फक्त मालकाच्या टेबलावर असले म्हणजे काय होते, तेही आम्ही पाहिले आहे. गिरणीच्या कार्यालयाला कुलूप लागले की पट त्याच्याबरोबर आत जातो. आपला पट आपल्याकडे असावा, एवढ्यासाठी तरी संघटनेने हे यंत्र शिकून घ्यावे असे आमचे मत आहे.

फ्लॅश कार्ड बसविले म्हणजे यादी अमर झाली, असे मात्र समजू नये. कप्प्यात कोंडलेले विजेचे कण फार सावकाश का होईना, पाझरतात. नव्या कार्डात मजकूर साधारणतः दहाएक वर्षे टिकतो असे धरतात. झिजलेल्या कार्डात आणि आपल्यासारख्या उष्ण हवेत त्याहून कमी. शिवाय तबकडी मरण्यापूर्वी पुष्कळदा कुरकुरून सूचना तरी देते. कार्ड आज आहे आणि उद्या नाही. म्हणून आमच्याकडे अशी वहिवाट आहे : मूळ नकल दोन निरनिराळ्या गावी, युनिकोडात उतरविलेली यादी नव्या संगणकावर, दर वर्षी पावसाळ्यापूर्वी कार्ड वाचून पाहणे, आणि संपूर्ण यादीचा एक छापील कागदी संच. कागदाला बॅटरी लागत नाही.

काढलेली जुनी डिस्कही फेकू नये. ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या घालून ती बंद डब्यात ठेवावी आणि डब्यावर तारीख, कोणत्या यंत्रातली व शेवटची केव्हा चालली, हे शाईने लिहावे. बॉलपेन चालेल, फक्त चिठ्ठी डब्याच्या आत एक आणि बाहेर एक अशा दोन असाव्यात. बाहेरची आपल्याकडच्या पावसात टिकत नाही.